‘मला पटत नाही’ हे इंग्रजीत नेमकं कसं म्हणायचं

इंग्रजी बऱ्यापैकी जमायला लागलं की माणूस एक दिवस थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडतो आणि ‘डिसॲग्री’ शोधतो. समोर शब्दांची रांग लागते: डिफर, ऑब्जेक्ट, ऑपोज, डिस्प्यूट, डिसेंट, कॉन्ट्राडिक्ट, रिफ्यूट, क्वॉरल. एका रांगेत दिसले म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतील असं वाटतं. मग ऑफिसच्या मेलमध्ये ‘आय डिसेंट’ जातं, दोन मैत्रिणींच्या रुसव्याला ‘डिस्प्यूट’ म्हटलं जातं आणि वाचणारा थबकतो. व्याकरणात काही चुकलेलं नसतं. शब्द मात्र भलत्याच घरातला असतो.

बहुतेक जण हे शब्द सौम्य ते कडक अशा क्रमाने पाठ करायला जातात. माझ्या मते तो क्रम नंतरचा. आधी बघायचं ते हे, की आपला नकार नेमका कशाला आहे.

पायरी पहिली: नकार कशाला आहे?

एक बैठक डोळ्यांसमोर आणा. सहकारी म्हणतो, “काम मार्चअखेर संपेल. गेल्या वेळी तक्रारी फक्त दोन टक्के होत्या. तेव्हा या वेळी चाचणी वगळू या.” या तीन वाक्यांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीला वेगळा शब्द लागतो.

काम मार्चअखेर संपेल हा त्याचा अंदाज, म्हणजे मत. मताला उत्तर ‘आय डिसॲग्री’. तक्रारी दोन टक्के हा दावा आहे, खरा किंवा खोटा ठरू शकणारा. त्यावर शंका असेल तर ‘आय डिस्प्यूट दॅट फिगर’. चाचणी वगळू या हा प्रस्ताव. तो नको असेल तर ‘आय ऑब्जेक्ट टू दॅट’ किंवा ‘आय ॲम ऑपोज्ड टू दॅट’. आता समजा बैठकीत मतदान झालं, चाचणी वगळायचं ठरलं आणि तुम्ही एकटेच विरोधात राहिलात. तुमचा विरोध इतिवृत्तात नोंदवला गेला, तर तो झाला ‘डिसेंट’. आणि बैठकीनंतर दारातच तुमची त्याच्याशी बाचाबाची झाली, तर ते ‘आर्ग्युमेंट’. आता विषय माणसांवर आला.

मत, दावा, प्रस्ताव, झालेला निर्णय, माणूस. एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं, कारण निम्म्याहून जास्त चुका या खान्यांची अदलाबदल झाल्यामुळेच होतात.

‘डिसॲग्री’ त्यातल्या त्यात सगळ्यात मोकळा शब्द. माणसाशी, मताशी, धोरणाशी कुणाशीही जुळतो. दोन साक्षीदारांचे जबाब जुळत नसले तरी ते ‘डिसॲग्री’ करतात. एखादं औषध मानवलं नाही तरी ते तुमच्याशी ‘डिसॲग्री’ करतं. शंका असेल तेव्हा हाच शब्द वापरा, अंगलट येत नाही.

‘डिफर’ त्याहून थंड. ‘वी डिफर ऑन दिस’ म्हणजे या बाबतीत आपली मतं वेगळी आहेत, एवढंच. कोण चूक याबद्दल तो शब्द बोलत नाही. गंमत म्हणजे ‘आय बेग टू डिफर’ हा ठरीव वाक्प्रयोग मात्र दिसतो तितका गरीब नाही. शब्द नम्र आहेत, सूर बहुतेकदा ठाम असतो, कधी टोमण्याचाही. मित्राशी हसत म्हणायला ठीक. वरिष्ठांना लिहिताना टाळलेला बरा.

‘ऑब्जेक्ट’मध्ये हरकत घेणं आहे, म्हणजे काहीतरी होऊ घातलंय आणि ते थांबावं अशी इच्छा आहे. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये खासगी सदस्यांच्या विधेयकांसाठी राखलेल्या शुक्रवारी दुपारी अडीचनंतर चर्चेविना विधेयक पुढे सरकवायचं असेल, तर एका सदस्याने नुसतं ‘ऑब्जेक्ट!’ ओरडलं तरी ते त्या दिवसापुरतं अडतं. कारण द्यावं लागत नाही, भाषण करावं लागत नाही. शब्दाचा स्वभाव त्यात नेमका दिसतो. ‘आय डिसॲग्री’ म्हणणारा आपलं मत सांगतो, ‘आय ऑब्जेक्ट’ म्हणणारा वाटेत उभा राहतो. म्हणूनच 1916 साली ब्रिटनमध्ये सक्तीची लष्करभरती आली तेव्हा सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरायला नकार देणाऱ्यांना ‘कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर’ म्हणत. युद्धाबद्दल वेगळं मत असलेले लोक पुष्कळ होते, पण तेवढ्याने कुणी ऑब्जेक्टर होत नव्हता.

आपल्याकडची ‘हरकत’ मात्र जपून भाषांतरित करा. ‘खिडकी उघडली तर हरकत नाही ना?’ याला ‘डू यू हॅव एनी ऑब्जेक्शन?’ म्हटलं तर कोर्टात बसल्यासारखं वाटतं. तिथे ‘डू यू माइंड?’ पुरे.

‘डिसेंट’ला वरचा मजला लागतो

या शब्दावर जरा थांबतो, कारण नवशिक्यांना तो ‘डिसॲग्री’चा भारदस्त अवतार वाटतो. तसं नाही. डिसेंट करायला वर कुणीतरी लागतं: बहुमत, न्यायालय, चर्च, सरकार, पंच. बरोबरीच्या मित्राशी तुम्ही डिसेंट करू शकत नाही.

क्रिकेट पाहणाऱ्यांना याचं उत्तम उदाहरण ठाऊक असतं. पायचीत दिल्यावर फलंदाज बॅट दाखवत रेंगाळला, मान हलवत गेला, तर आयसीसीच्या आचारसंहितेत तो पंचाच्या निर्णयाविरुद्ध ‘डिसेंट’ दाखवण्याचा गुन्हा ठरतो. गोलंदाजाशी त्याची हुज्जत झाली तर ती डिसेंट नव्हे. फुटबॉलमध्येही रेफरीच्या निर्णयावर शब्दाने किंवा कृतीने नाराजी दाखवली की पिवळं कार्ड मिळतं, आणि कारण म्हणून ‘डिसेंट’च लिहिलं जातं.

इंग्लंडच्या इतिहासात चर्च ऑफ इंग्लंडपासून वेगळे राहिलेल्या प्रोटेस्टंटांना ‘डिसेंटर्स’ म्हणत. 1662 च्या कायद्याने अधिकृत प्रार्थनापद्धती बंधनकारक झाली आणि ती न मानणारे पाद्री चर्चमधून बाहेर पडले. शब्दाला ते वजन तिथून आहे.

न्यायालयात बहुमताविरुद्ध लिहिलेलं निकालपत्र म्हणजे ‘डिसेंटिंग ओपिनियन’. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात रेल्वेत गोऱ्या-काळ्यांसाठी वेगळे डबे ठेवायला परवानगी दिली. निकाल सात विरुद्ध एक असा लागला. एकट्या न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी डिसेंट लिहिला. 1954 मध्ये ‘ब्राउन’ खटल्यात त्याच न्यायालयाने सार्वजनिक शाळांपुरतं वेगळं ठेवण्याचं ते तत्त्व मोडीत काढलं. डिसेंट लिहिणाऱ्याला आज निकाल फिरणार नाही हे माहीत असतं, तरी तो नोंद सोडून जातो. ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘डिसेंट’मध्ये मोठा फरक इथे आहे: पहिला निर्णयाआधीचा, दुसरा निर्णयानंतरचा.

याच जगातलं एक बारीक उदाहरण. अमेरिकेत भिन्न मत देणारे न्यायमूर्ती शेवटी बहुधा ‘आय रिस्पेक्टफुली डिसेंट’ असं लिहितात. डिसेंबर 2000 मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीवरून झालेल्या ‘बुश विरुद्ध गोर’ खटल्यात न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी आपलं मत संपवलं ते फक्त ‘आय डिसेंट’ या दोन शब्दांनी. एक क्रियाविशेषण गाळलं, आणि त्या गाळण्याचीच चर्चा झाली.

भावंडं ओळखून ठेवा. ‘डिसेंशन’ म्हणजे गटाच्या आतली फाटाफूट, धुसफूस. ‘डिसिडेंट’ हा माणूस, तोही राजवटीच्या विरोधात उभा राहिलेला. सोव्हिएत संघातले आंद्रेई साखारोव्ह, 1975 चे शांततेच्या नोबेलचे मानकरी, हे डिसिडेंट. समितीत वेगळी टिपण्णी जोडणाऱ्या सदस्याला डिसिडेंट म्हणालात तर त्या बिचाऱ्याला उगाच तुरुंगाची वाट दाखवल्यासारखं होईल.

पायरी दुसरी: नुसतं ‘नाही’ म्हणताय की पुरावा देताय?

दाव्यांच्या खान्यात पाच-सहा शब्द दाटीने बसलेत, आणि मराठीत आपण त्यांतल्या बऱ्याच जागी ‘नाकारणे’ किंवा ‘फेटाळणे’ वापरतो. म्हणून इथे घोळ जास्त.

‘डिनाय’ म्हणजे हे खरं नाही असं म्हणणं. पुरावा लागत नाही. ‘कॉन्ट्राडिक्ट’ म्हणजे समोरच्याने जे म्हटलं त्याच्या नेमकं उलट म्हणणं. तो म्हणाला दार बंद होतं, तुम्ही म्हणालात उघडं होतं. दोन कागदही एकमेकांना कॉन्ट्राडिक्ट करतात आणि माणूस स्वतःलाही करतो. ‘डिस्प्यूट’ म्हणजे हे मान्य नाही, तपासून बघू. ‘रिबट’ म्हणजे मुद्द्याला प्रतिमुद्दा, पुराव्यानिशी प्रतिवाद. तो टिकेल की नाही हे अजून ठरायचं आहे. ‘रिफ्यूट’ म्हणजे खोडून काढणं, दावा खोटा असल्याचं सिद्ध करणं.

‘रिफ्यूट’वरून इंग्रजी जाणणाऱ्यांमध्येच वाद आहे. बातम्यांमध्ये तो सर्रास ‘डिनाय’च्या अर्थाने येतो आणि अनेक शब्दकोशांनी तो वापर नोंदवलाही आहे. काटेकोर वाचकाला मात्र तो खटकतो, आणि खटकणं रास्त आहे असं मलाही वाटतं: सिद्ध करण्याचं श्रेय नुसत्या नकाराला का द्यायचं? तुम्ही नवीन आहात तर पुरावा हातात असल्याशिवाय ‘रिफ्यूट’ लिहूच नका. त्यात कुणी दोष काढू शकत नाही.

‘नाकारणे’चं कोडं असं सोडवा. आरोप नाकारला: डिनाय. यायला नाकारलं: रिफ्यूज. अर्ज नाकारला: रिजेक्ट. आमंत्रण आदराने नाकारलं: डिक्लाइन. कर्ज किंवा करार आपला मानायलाच नाकारलं, हात झटकले: रिप्यूडिएट. ‘ही डिनाइड टू कम’ हे आपल्याकडे वरचेवर ऐकू येणारं वाक्य चूक आहे, ‘रिफ्यूज्ड टू कम’ हवं.

पायरी तिसरी: किती तापलंय आणि किती वेळ?

आता तो सौम्य-ते-कडक क्रम. तो मुख्यतः माणसामाणसांतल्या भांडणांना लागतो, आणि इथे मराठी आपल्याला चांगली साथ देते, कारण भांडणाच्या छटा आपल्याकडेही भरपूर आहेत.

‘टिफ’ म्हणजे प्रेमाच्या माणसांमधला लटका रुसवा, दुपारी सुरू होऊन संध्याकाळी विरणारा. ‘स्पॅट’ही छोटाच, पण जरा चुरचुरीत. ‘स्क्वॉबल’ म्हणजे क्षुल्लक कारणावरून कटकट, मुलांची खेळण्यावरून होते तशी. ‘बिकर’ म्हणजे कुरबूर. ती संपत नाही, पुन्हा पुन्हा उगवते. ‘क्वॉरल’ म्हणजे भांडण, दोघांना राग आलेला आणि संबंधात थोडी अढी पडलेली. ‘रो’ असा जो शब्द लिहिलेला दिसतो, तो भांडणाच्या अर्थाने असेल तर उच्चार ‘राउ’ करा. ब्रिटिश इंग्रजीत ही खडाजंगी, आवाज चढलेली. अमेरिकन माणूस त्याच जागी ‘फाइट’ म्हणतो आणि हातघाई झाली असेलच असं नाही. ‘ऑल्टरकेशन’ हा पोलिसांच्या नोंदीतला, बातमीतला शब्द. बाचाबाची, हमरीतुमरी, कधी धक्काबुक्कीपर्यंत गेलेली. जेवणाच्या टेबलावर तो कुणी वापरत नाही, चेष्टेत सोडून. ‘रँगल’ लांबतो, कागदपत्रांत आणि वकिलांत अडकतो. ‘फ्यूड’ म्हणजे हाडवैर, पिढ्यांचं. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीच्या सीमेवरच्या हॅटफील्ड आणि मकॉय घराण्यांचं एकोणिसाव्या शतकातलं वैर याच नावाने प्रसिद्ध आहे.

‘आर्ग्युमेंट’ दुतोंडी आहे. ‘शी हॅड ॲन आर्ग्युमेंट विथ हिम’ म्हणजे तिचं त्याच्याशी वाजलं. ‘शी मेड ॲन आर्ग्युमेंट’ म्हणजे तिने युक्तिवाद मांडला. फरक ‘हॅव’ आणि ‘मेक’मध्ये आहे. ‘डिबेट’ नियमात बसणारी, ‘कॉन्ट्रोव्हर्सी’ चारचौघांत गाजणारी आणि लांबणारी. खोलीत बसलेल्या दोघांची कॉन्ट्रोव्हर्सी होत नाही.

‘डिस्प्यूट’ नाम म्हणून आला की तो औपचारिक तंटा: सीमेचा, मजुरीचा, व्यापाराचा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं सहावं प्रकरण ‘डिस्प्यूट्स’ शांततेने सोडवण्याबद्दल आहे. जागतिक व्यापार संघटनेतही देशांचे तंटे ‘डिस्प्यूट सेटलमेंट बॉडी’पुढे जातात. राग असो-नसो, दोन बाजू आणि एक मुद्दा असला की डिस्प्यूट होतो.

एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. स्क्वॉबल, बिकर, क्विबल हे शब्द बाहेरचा माणूस वापरतो, आणि वापरताना निकाल देऊन टाकतो की विषय फालतू आहे. ‘क्विबल’ म्हणजे शब्दाचा कीस पाडणं, खुसपट काढणं. दुसऱ्याच्या हरकतीला तुम्ही क्विबल म्हणालात तर तिला उत्तर द्यायचं टाळलंत असा अर्थ होतो. स्वतःच्या हरकतीला म्हणालात तर उलट ती नम्रता ठरते: ‘जस्ट अ स्मॉल क्विबल’ म्हणजे लेख छान आहे, एक बारीकशी गोष्ट सांगतो.

पायरी चौथी: पुढे कुठला जोडशब्द येतो?

हे कंटाळवाणं आहे, पण परके कान इथेच टवकारतात. ‘डिसॲग्री’ माणसाशी किंवा मताशी असेल तर ‘विथ’, विषयाबद्दल असेल तर ‘अबाउट’, ‘ऑन’ किंवा ‘ओव्हर’. ‘ऑब्जेक्ट टू’, आणि त्यापुढे क्रियापद आलं तर ‘-इंग’ रूप: ‘ऑब्जेक्ट टू पेइंग’. ‘ऑपोज’, ‘डिस्प्यूट’, ‘कॉन्ट्राडिक्ट’ यांना काहीच लागत नाही. ‘आय ऑपोज टू इट’ चूक, ‘आय ऑपोज इट’ किंवा ‘आय ॲम ऑपोज्ड टू इट’ बरोबर. ‘डिसेंट फ्रॉम’. ‘डिफर फ्रॉम’ म्हणजे वेगळं असणं, ‘डिफर विथ’ म्हणजे मत न जुळणं. ‘प्रोटेस्ट’ला ब्रिटिश ‘अगेन्स्ट’ लावतात, अमेरिकन बहुधा गाळतात. आणि ‘प्रोटेस्ट हिज इनोसन्स’ दिसलं तर दचकू नका, तिथे निषेध नाही, आपण निर्दोष आहोत असं तो ठासून सांगतोय.

‘टेक एक्सेप्शन टू’मध्ये अपवाद शोधू नका, माणूस दुखावला गेलाय. ‘टेक इश्यू विथ’मध्ये तो दुखावलेला नाही, मुद्द्याशी भिडलाय. आणि ‘डिमर’ म्हणजे कां-कू करत घेतलेली सौम्य हरकत. लाजाळू या अर्थाचा ‘डिम्युअर’ वेगळा.

सगळ्यात वरची चूक मात्र सोपी आहे: ‘आय ॲम नॉट ॲग्री’. मराठीतलं ‘मी सहमत नाही’ डोक्यात असतं, म्हणून ‘ॲम’ येतो. इंग्रजीत ‘ॲग्री’ क्रियापद आहे, ‘आय डोन्ट ॲग्री’ म्हणायचं.

पायरी पाचवी: तोंडावर सांगताना

आडवळणाने बोलणं ही ब्रिटिश इंग्रजीची खासियत, आणि ती अक्षरशः घेतली की फसगत होते. ‘आय हिअर व्हॉट यू से’ म्हणजे ऐकलं, पटलं नाही. राजनैतिक निवेदनात दोन देशांत ‘फ्रँक’ चर्चा झाली असं आलं, तर मतभेद होते असं समजावं. ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं चुकतंय. ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणजे चांगलंच चुकतंय. ‘विथ द ग्रेटेस्ट रिस्पेक्ट’ आलं की इंग्लिश वकिलाच्या नजरेत तुमच्या मुद्द्यात काही उरलेलं नाही. आदर जितका वाढतो तितका मतभेद वाढतो.

तुम्ही स्वतः बोलताना एवढी कसरत करायची गरज नाही. ‘आय सी इट डिफरंटली’ बहुतेक ठिकाणी चालतं. ‘आय डोन्ट एंटायरली ॲग्री’ सौम्य आहे, ‘आय एंटायरली डिसॲग्री’ अगदी कडक. तोच ‘एंटायरली’, जागा बदलली. ‘आय हॅव अ डाउट’ आपण प्रश्न विचारायच्या अर्थाने म्हणतो, पण बाहेरच्या माणसाला तुमचा त्याच्यावर विश्वास नाही असं वाटू शकतं. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. आणि ‘ऑन द कॉन्ट्ररी’ फक्त समोरचं विधान सरळ खोटं ठरवायचं असेल तेव्हाच. दुसरी बाजू मांडायची असेल तर ‘ऑन द अदर हँड’.

अजून एक सापळा. ‘यू डोन्ट ॲग्री?’ असं विचारलं तर मराठी मन म्हणतं, ‘हो, नाही पटत.’ म्हणून तोंडातून ‘येस’ जातं, आणि समोरच्याला पटलं असं वाटतं. इंग्रजीत उत्तर तुमच्या स्वतःच्या मताप्रमाणे: पटत नसेल तर ‘नो, आय डोन्ट’. घाई असेल तर हो-नाही गाळून सरळ ‘आय डोन्ट’ म्हणा.

करून बघा

तीन वाक्यं देतो. आधी खाना ओळखा, मग शब्द.

दोन भावांचा जमिनीच्या हद्दीवरून खटला चालू आहे. मुद्दा औपचारिक, बाजू दोन: डिस्प्यूट. त्यांची मुलंही एकमेकांशी वैर धरून बसली असतील तर फ्यूड म्हणायला हरकत नाही.

पाच जणांच्या समितीत चौघांनी अहवाल मान्य केला, एका सदस्येने सही केली पण आपलं वेगळं मत जोडलं. निर्णय झालेला, बहुमत विरोधात: डिसेंट. तिने ‘ऑब्जेक्ट’ केलं असं लिहाल तर वाचणाऱ्याला वाटेल, अहवाल अजून अडलेला आहे.

मंत्र्यांनी भ्रष्टाचाराचे आरोप पत्रकारांपुढे फेटाळले. दावा आहे, पुरावा दिलेला नाही: डिनाइड. आपली बाजू मांडणारी कागदपत्रं त्यांनी सोबत ठेवली असती तर रिबटेड. त्या कागदांनी आरोप खोटा असल्याचं सिद्ध झालं असतं, तरच रिफ्यूटेड.